सोलापुरातून नेपाळच्या डोंगरी गावांसाठी छोटा न्यास चालवताना: पैसा, परवानगी आणि पाणी

उजनीकाठ (धागाकर्ते)

आम्ही काही मंडळी सोलापुरात एक छोटा सार्वजनिक न्यास चालवतो आणि त्याचे मुख्य काम पश्चिम नेपाळातील दैलेख जिल्ह्याच्या डोंगरी गावांत, आटत चाललेल्या झऱ्यांवर चालते. परदेशातील गावांसाठी संस्था काढायची तर नेमके काय लागते, असे येथील अनेक सदस्यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले होते. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

नेपाळच का, याचे उत्तर साधे आहे. आमच्या वसाहतीतले रात्रीचे राखणदार आणि पलीकडच्या चौकातल्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर राबणारी मुले याच भागातून आलेली आहेत. पश्चिम नेपाळातून मजुरीसाठी भारतात येण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे. घरातला कर्ता पुरुष इकडे, आणि मागे राहिलेल्या बायका, म्हातारी माणसे व मुले पाण्यासाठी डोंगर चढउतार करत तिकडे, अशी त्या गावांची स्थिती आहे. सोलापूरच्या सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या तुलनेत तिथे पाऊस कितीतरी अधिक पडतो. तो पावसाळ्याच्या चार महिन्यांत उतारावरून नदीला मिळतो, आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत गावचा झरा करंगळीएवढा होतो.

झरे आटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. हिवाळी पाऊस बेभरवशाचा झाला. तरुण माणसे बाहेर गेल्याने वरच्या पायऱ्यांची शेते पडीक राहिली आणि म्हशींच्या डुंबण्याची जुनी डबकी, ज्यांतून पाणी हळूहळू मुरत असे, ती बुजली. शिवाय गावोगावी यंत्राने कोरलेल्या कच्च्या रस्त्यांनी काही ठिकाणी झऱ्याचा भूमिगत मार्गच कापला गेला. यावर उपाय करण्याची पद्धत उपलब्ध आहे, आणि ती घडवण्यात पुण्याच्या 'एक्वाडॅम' या भूजलविषयक संस्थेचा काठमांडूच्या 'इसिमोड' या पर्वतीय विकासावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर मोठा वाटा आहे, ही मराठी माणसाला जवळची वाटावी अशी गोष्ट. पद्धतीचे सार असे की झऱ्यापाशी काहीही बांधण्यापूर्वी त्याला पाणी कोठून येते ते शोधावे. खडकाचे थर ज्या दिशेला कललेले असतील त्यावरून पुनर्भरणाचे क्षेत्र ठरते, आणि ते पुष्कळदा झऱ्याच्या डोक्यावर नसून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असते. आपल्याकडे समतल चर खणण्याचा अनुभव असलेल्या माणसाला वाटते की वर चर खणले म्हणजे खाली पाणी वाढेल. आपल्या बेसॉल्टच्या जवळपास आडव्या थरांवर बेतलेला हा अंदाज तिथल्या कललेल्या थरांवर सहज फसतो, आणि तीव्र उतारावर चुकीच्या जागी खणलेला चर दरड कोसळायला निमित्त होऊ शकतो.

म्हणून आमचा सर्वांत महत्त्वाचा खर्च पाइपांवर किंवा टाक्यांवर होत नाही. तो त्या गावातल्याच एका पगारी माणसावर होतो. ठरावीक मापाची बादली किती सेकंदांत भरते हे नियमाने मोजून झऱ्याचा प्रवाह मिनिटाला किती लिटर आहे ते लिहिणे, पर्जन्यमापकाचा आकडा रोज नोंदवणे, आणि दोन वस्त्यांची बैठक वेळेवर बोलावणे, एवढे त्याचे काम. निदान दोन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की पाऊस पडल्यावर झरा किती दिवसांनी फुगतो ते दिसते. त्यावरून पाणी जवळून, उथळ थरातून येते की दुरून, याचा अंदाज भूजलशास्त्रज्ञ बांधू शकतो. देणगीदाराला मात्र हा पगार 'प्रशासकीय खर्च' वाटतो. माझे ठाम मत असे की छोट्या संस्थेने हा पगार देण्याची तयारी असल्याशिवाय परदेशातील कामात पडूच नये, कारण नोंदी नसलेल्या गावात आपण जे काही बांधू ते छायाचित्रापुरतेच उभे राहते.

कर आणि परवानग्यांविषयी येथील 'जमाखर्च' यांनी लिहावे अशी विनंती करतो.

हातमाग

उपक्रम स्तुत्य आहे. आमचा चादरींचा व्यवसाय आहे आणि थोड्या सदोष विणीच्या, परंतु वापरण्यास उत्तम अशा सोलापुरी चादरी आमच्याकडे दरवर्षी शिल्लक राहतात. डोंगरात थंडी भरपूर असते, तेव्हा शे-दोनशे चादरी आपल्या न्यासामार्फत पाठवण्याची आमची इच्छा आहे. वाहतुकीचा खर्चही आम्ही करू.

उजनीकाठ

आपल्या भावनेबद्दल मनापासून आभार, परंतु चादरी नकोत असे मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. एक तर सीमेवरच्या भन्सार (म्हणजे जकात) कार्यालयात फुकट वाटण्याच्या मालालाही शुल्क आणि कागदपत्रे चुकत नाहीत. सवलत हवी असेल तर नेपाळी संस्थेने तिथल्या समाज कल्याण परिषदेकडून शिफारस आणावी लागते, आणि तोवर माल गोदामात पडून राहतो. दुसरे म्हणजे सोलापुरी चादर सुती आहे आणि ती अंगावर घेऊन दैलेख ज्यात येतो त्या कर्णाली प्रांताची थंडी भागत नाही. तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते: जिल्ह्याच्या बाजारात पांघरुणे विकणारे छोटे दुकानदार आहेत, फुकटचा माल आला की त्यांचा हंगाम बुडतो आणि पुढच्या वर्षी आपण गेलो नाही तर दुकानही नसते. त्या चादरी आपण येथेच विकून आलेली रक्कम धनादेशाने दिलीत तर न्यास रीतसर पावती देईल.

भुईकोट

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मदत घेऊन जाणाऱ्या गाड्यांतून मीही गेलो होतो. सोलापूर जवळ असल्याने येथून मदतीचा ओघ फार मोठा होता, आणि त्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठे इतके होते की ते कोठे ठेवायचे हाच कार्यकर्त्यांपुढील प्रश्न झाला होता. सदऱ्यांच्या ढिगाऱ्याजवळून लोक तोंड फिरवून जात होते, कारण ज्यांची काल धान्याची कोठारे भरलेली होती त्यांना परक्याचा उतरलेला कपडा घालणे नकोसे होते. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांनी नेपाळला काही वस्तू पाठवण्याआधी एकदा उमरग्याच्या रस्त्यावरचे दृश्य आठवावे.

सांगोलेकर

धागाकर्त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सांगोला आणि मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील गावे वर्षानुवर्षे उपसा सिंचनाच्या पाण्याची वाट पाहत आहेत, करमाळ्यात उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले शाळेबाहेर राहतात. घरच्या विहिरीत पाणी नसताना दुसऱ्या देशातील झरे जिवंत करण्याची ही हौस श्रीमंत देशांतील संस्थांना शोभते, सोलापूरसारख्या शहराला नव्हे.

उजनीकाठ

सांगोलेकर साहेब, हा प्रश्न आमच्या विश्वस्त मंडळातही दरवर्षी विचारला जातो आणि तो विचारला जावा असेच मला वाटते. आपल्या जिल्ह्यात काम करण्यासाठी जलयुक्त शिवारसारखी शासकीय योजना होऊन गेली, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेने 2016 पासून अनेक गावे कामाला लावली, विद्यापीठे आहेत, साखर कारखाने आहेत, आमदारांना जाब विचारणारी वर्तमानपत्रे आहेत. हे सर्व असूनही प्रश्न सुटलेले नाहीत हे मान्य, परंतु तेथे आमच्या न्यासाच्या रकमेने फरक पडेल असे मला वाटत नाही. आम्ही ज्या पालिकेत काम करतो तेथे झऱ्याचा प्रवाह मोजणारे दुसरे कोणीच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला पटेल की नाही ठाऊक नाही. त्या गावांतल्या पुरुषांचे श्रम आपण सोलापुरात वापरतो, आपण झोपतो तेव्हा ते जागतात, आणि त्यांच्या घरच्या बायका त्याच वेळी पाण्याच्या रांगेत असतात. तेव्हा 'परदेश' हा शब्द येथे जेवढा दूरचा वाटतो तेवढा तो नाही. आमच्यातील ज्यांना जिल्ह्यातच द्यायचे आहे ते स्वतंत्रपणे देतातही, आणि त्याचा या न्यासाशी काही संबंध येत नाही.

सांगोलेकर

श्रमांचा मुद्दा मान्य. बाकीचे पटले असे म्हणत नाही, परंतु पुढे वाचत राहीन.

जमाखर्च

माझे नाव घेतले गेल्याने लिहितो. मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, तरी खालील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा आणि आपल्या न्यासपत्रावर आपल्याच लेखापरीक्षकाचे मत घ्यावे.

पहिली पायरी न्यासपत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या बहुतेक न्यासांच्या कार्यक्षेत्रात 'सोलापूर जिल्हा' किंवा फार तर 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेले असते, कारण नोंदणीच्या वेळी कोणी दूरचा विचार करत नाही. कार्यक्षेत्र आणि उद्देश यांत परदेशातील काम स्पष्टपणे बसत नसेल, तर आधी धर्मादाय कार्यालयाची रीतसर प्रक्रिया पूर्ण करून तो बदल करून घ्यावा. उद्देशाबाहेरचा खर्च हा पुढे येणाऱ्या प्रत्येक अडचणीचे मूळ ठरतो.

दुसरी पायरी आयकर, आणि येथेच बहुतेक उत्साही मंडळी अडखळतात. धर्मादाय न्यासाला मिळणारी करमाफी ही भारतात केलेल्या खर्चाशी जोडलेली आहे. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 11(1)(क) प्रमाणे भारताबाहेर वापरलेल्या उत्पन्नाला माफी हवी असेल, तर ते काम भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाचे असावे लागते आणि त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो. असा आदेश नसताना बाहेर खर्च केलेली रक्कम माफीतून वगळली जाते, आणि 2022 च्या वित्त कायद्याने घातलेल्या कलम 115 बीबीआयमुळे त्यावर सरसकट 30 टक्के दराने कर बसतो. त्यातून कोणताही खर्च वजा करता येत नाही. म्हणजे आदेशाशिवाय नेपाळात 100 रुपये खर्च करायचे तर निदान 130 रुपये जमवावेत असे धरून चालावे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा जुन्या कागदांवरील क्रमांक तसेच उतरवू नयेत.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पैसे पाठवण्याची. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना अनेकांना ठाऊक असते, परंतु ती फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे. न्यास, कंपन्या आणि भागीदारी संस्थांना ती लागू नाही. नेपाळच्या बाबतीत तर वेगळेच आहे. 2000 च्या चालू खाते व्यवहार नियमांनुसार नेपाळ आणि भूतानमधील रहिवाशांशी व्यवहारासाठी परकीय चलन काढताच येत नाही, त्यामुळे व्यवहार भारतीय रुपयांतच होतो. विनिमयाचा दर ही चिंता मात्र नाही, कारण 1993 पासून एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. भारत-नेपाळ रक्कम प्रेषण सुविधा 2008 पासून आहे आणि 2021 मध्ये तिची मर्यादा प्रत्येक व्यवहाराला 2 लाख रुपये झाली. ती मुळात भारतात राबणाऱ्या नेपाळी मजुरांनी घरी पैसे पाठवावेत यासाठी काढली गेली. विश्वस्ताने स्वतःच्या नावाने गावातल्या एखाद्याच्या खात्यावर पैसे टाकायचे आणि न्यासाच्या वहीत खर्च दाखवायचा, हा मार्ग मला अनेकदा सुचवला गेला आहे. लेखापरीक्षणात तो टिकत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये आर्थिक कृती दलाने (एफएटीएफ, काळ्या पैशावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नेपाळचा समावेश वाढीव देखरेखीच्या यादीत केल्यापासून बँका त्या दिशेच्या रकमांबाबत अधिक प्रश्न विचारतात, हेही ध्यानात असावे.

नेपाळच्या बाजूलाही कायदा आहे. तिथल्या स्थानिक संस्थेची नोंद जिल्हा प्रशासन कार्यालयात असावी लागते आणि बाहेरची मदत घेण्यापूर्वी प्रकल्प समाज कल्याण परिषदेकडे मंजूर करून घ्यावा लागतो. आपल्या भागीदार संस्थेकडे ती मंजुरी नसेल तर चूक त्यांची असली तरी अडकतात आपलेच पैसे.

दसऱ्याची_वाट

एवढी उस्तवार करण्यापेक्षा दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, आपले राखणदार गावी जातातच. त्यांच्याजवळ रोख रक्कम दिली तर काय बिघडते? माणसे विश्वासू असतात.

जमाखर्च

माणसे विश्वासू असतात म्हणूनच त्यांच्यावर हे ओझे टाकू नये. रस्त्यात पैसे चोरीला गेले किंवा सीमेवर पकडले गेले तर जाब त्या गरीब माणसाला द्यावा लागतो, विश्वस्ताला नव्हे.

न्यूजर्सीतला_सोलापूरकर

मी मूळचा सोलापूरचा, आता अमेरिकेचा नागरिक आहे. या न्यासाला मला दरमहा काही रक्कम द्यायची आहे. माझे सोलापुरातील बँक खाते अजून चालू आहे, त्यातून दिली तर चालेल का?

जमाखर्च

चालणार नाही. आपण परदेशी नागरिक आहात, त्यामुळे आपली देणगी, मग ती भारतातील खात्यातून रुपयांत आली तरी, 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येते. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून देतो तेव्हा हा प्रश्न उद्भवत नाही. छोट्या न्यासाला त्या कायद्याखाली नोंदणी मिळवायची तर किमान तीन वर्षे अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत उद्देशांवर 15 लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तिच्यातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे आणि ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते. अमेरिकेतून सोलापूरमार्गे नेपाळ हा वळसा घेण्यापेक्षा आपण तिथूनच एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत थेट द्यावे.

उजनीकाठ

'जमाखर्च' यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. आमच्या व्यवहाराची रचना यावरूनच ठरली आहे. भूजलशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी नेपाळी मुलांना भारतात बोलावणे, त्यांचा प्रवास, राहणे, येथे घेतलेली उपकरणे, हा सर्व खर्च रुपयांत भारतातच होतो आणि त्यात पैसे बाहेर पाठवण्याचा प्रश्न येत नाही. मोजणी करणाऱ्याचा पगार आणि किरकोळ बांधकाम यांसाठी जी रक्कम बाहेर जाते ती आम्ही मुद्दाम लहान ठेवतो, तिच्यावर कर भरतो आणि अहवालात हा कर स्वतंत्र ओळीत दाखवतो. काही देणगीदारांना ती ओळ आवडत नाही. मोठ्या संस्थांना वेगळे मार्ग खुले असतात; जयपूर पाय देणाऱ्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीची परदेशातील शिबिरे 2018 पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदतीने होतात. आमचा आकार तो नाही आणि तसा व्हावा अशी आमची इच्छाही नाही.

कंबरतलाव

मी या धाग्यावर बराच विचार करून लिहीत आहे. माझे वडील दैलेखहून सोलापुरात राखणदार म्हणून आले. माझा जन्म आणि शिक्षण येथेच झाले, आणि मराठी मला नेपाळीपेक्षा चांगली लिहिता येते. सुट्टीत आजोळी जाणे होत असे. धाग्यात खडक, कर आणि बँक यांविषयी पुष्कळ आले, पण पाणी कोणाला मिळते हे कोठेच आले नाही.

आमच्या आजोळी झरा होता तो वरच्या वस्तीच्या हद्दीत. दलित वस्ती उताराला, खाली. झऱ्यावर आमचे भांडे कोणाच्या भांड्याला लागले तर भांडण होई, आणि म्हणून आई अगदी पहाटे किंवा अंधार पडल्यावर पाण्याला जात असे. मासिक पाळीच्या दिवसांत तर कोणत्याच जातीच्या बाईला नळाला हात लावू देत नसत. छाउपडीची, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेर ठेवण्याची, प्रथा 2017 च्या कायद्याने गुन्हा ठरली आणि अस्पृश्यतेविरुद्ध 2011 चा कायदा आहे, पण धाऱ्यावर, म्हणजे पाणवठ्यावर, पोलीस उभा नसतो. महाराष्ट्रात वाढल्यामुळे मला 20 मार्च 1927 चे महाड शाळेपासून ठाऊक आहे, आणि बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये याच सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते हेही ठाऊक आहे. म्हणून विचारते: बाहेरची संस्था येऊन झऱ्याचे पाणी वाढवते, तेव्हा ते वाढलेले पाणी आधीच ज्यांच्या ताब्यात झरा आहे त्यांचेच होत नाही का? आपला पगारी मोजणीदार कोणत्या वस्तीतला आहे?

भुईकोट

ताई, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. या प्रश्नाचे उत्तर मलाही वाचायचे आहे.

उजनीकाठ

ताई, मोजणी करणारी व्यक्ती दलित वस्तीतली आहे आणि ती स्त्री आहे. ही निवड सहज झालेली नाही. वरच्या वस्तीतल्या मंडळींचा आक्षेप होता की तिने झऱ्यात बादली बुडवली तर पाणी बाटेल. झऱ्यावर बाहेर पडणाऱ्या धारेखाली बादली धरून मोजावे, कुंडात बुडवू नये, असा तोडगा गावातूनच सुचवला गेला. शास्त्रीय दृष्ट्या तीच पद्धत बरोबर असल्याने आमच्या भूजलशास्त्रज्ञाने तो लगेच मान्य केला. यामागचे कारण कोणते होते ते मात्र आम्ही विसरलेलो नाही, आणि त्या तोडग्याला मी न्याय म्हणणार नाही.

पाणी कोणाला मिळते यासाठी आमच्या हातात असलेले साधन कराराचे आहे. पुनर्भरणाचे क्षेत्र डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या वडाच्या (म्हणजे पालिकेच्या प्रभागाच्या) हद्दीत निघाले, म्हणजे चर खणण्यासाठी आणि ती जागा चराईपासून राखण्यासाठी तिथल्या लोकांची संमती लागते. झऱ्याचे पाणी ज्यांना हवे आहे त्यांना इतरांकडे मागण्यासाठी जावे लागते, आणि अशा वेळी अटी लिहून घेता येतात. आमची अट अशी की प्रत्येक वस्तीत, खालच्या वस्तीतही, स्वतंत्र नळकोंडाळे आधी पूर्ण व्हावे आणि मगच वरच्या टाकीचे काम सुरू व्हावे. नेपाळच्या 2015 च्या संविधानानंतर आलेल्या रचनेत प्रत्येक वडात अध्यक्षासह पाच निवडून आलेले सदस्य असतात, त्यांत दोन स्त्रिया आणि त्यांतली एक दलित असणे बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी त्या सदस्येला केवळ सहीपुरते बोलावले जाते. आम्ही तिच्या उपस्थितीशिवाय बैठक झाली असे मानत नाही आणि तशी नोंद नसेल तर पुढचा हप्ता सोडत नाही. यामुळे एका गावात काम दीर्घकाळ थांबले आणि देणगीदारांना अहवालात तसेच लिहून कळवावे लागले.

पाळीच्या दिवसांतील बंदीबाबत मात्र आमच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही. घराजवळ नळ आल्यावर निदान लांबच्या धाऱ्यावरची नजर चुकवावी लागत नाही, एवढेच एका दिदीने सांगितले होते. बंदी घरातल्या नळालाही लागू होते, हेही तिनेच सांगितले.

कंबरतलाव

नळकोंडाळ्याचा क्रम उलटा ठेवलात हे योग्य केले. घरातल्या बंदीचे काम सासवांशी आहे, वडाशी नाही. गावातल्या महिला आरोग्य स्वयंसेविका, ज्या 1988 पासून नेपाळात आहेत आणि आपल्याकडच्या आशाताईंसारखे काम करतात, त्यांच्याशी बोलून पाहा. सासवा त्यांचे ऐकतात, कारण बाळंतपणात त्याच आलेल्या असतात.

रेल्वेलाईन्स

सोलापूरकर परदेशातील सेवेविषयी बोलतात तेव्हा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही, आणि मला आश्चर्य वाटते की या धाग्यात तो अद्याप झाला नाही. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते आणि 1942 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. भैया चौकातील त्यांचे स्मारक पाहिल्यावर असे काम करण्याची प्रेरणा आपल्या न्यासाला मिळाली असावी.

उजनीकाठ

स्मारक आम्हा सर्वांना परिचित आहे, परंतु निधीसंकलनाच्या पत्रकावर आम्ही त्यांचे नाव जाणीवपूर्वक वापरत नाही. ते चिनी भाषा शिकले, तिथे शिकवू लागले आणि तिथलेच झाले. आम्ही वर्षातून थोडे दिवस जाऊन परत येणारी माणसे आहोत. त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखी व्यावहारिक बाब एकच: भाषा. आमच्या विश्वस्तांपैकी दोघे नेपाळी वाचायला शिकले तेव्हापासून पालिकेच्या निर्णयपुस्तिकेतील मजकूर आणि आम्हाला तोंडी सांगितलेला मजकूर यांत फरक असेल तर तो आमच्या लक्षात येतो. लिपी देवनागरीच असल्याने मराठी माणसाला ते फारसे अवघड जात नाही.

सांगोलेकर

एक व्यवहारी प्रश्न. पाइप आणि टाक्यांचा मोठा खर्च आपण करत नाही असे लिहिलेत, मग तो कोण करतो?

उजनीकाठ

गाउँपालिका, म्हणजे तिथली ग्रामीण पालिका, करते, आणि तो मिळवण्यासाठी त्यांचे वेळापत्रक पाठ असावे लागते. नेपाळचे आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्याला, सुरू होते. स्थानिक पालिकांनी पुढील वर्षाचा अर्थसंकल्प आषाढ 10 पर्यंत सभेत मांडायचा असतो, जे साधारण 24 जूनच्या सुमारास येते. वडापातळीवरच्या मागण्या त्याआधी, चैत्र-वैशाखातच गोळा होतात. तेव्हा आपले प्रवाहाचे आकडे आणि पुनर्भरणाचा नकाशा फाल्गुनापर्यंत वडाच्या टेबलावर असला पाहिजे. आकडे असलेली मागणी बिनआकड्याच्या मागणीपुढे उठून दिसते, आणि मोजणीदाराच्या पगाराचे पैसे येथे वसूल होतात. आपल्याकडे मार्चअखेर जी घाई होते तीच तिथे आषाढात होते. वर्षभर न झालेली कामे भर पावसात घाईघाईने उरकली जातात. असे आषाढी काँक्रीट आमच्या गावांत होऊ नये म्हणून टाकीचे काम मार्गशीर्ष-पौषात सुरू करण्याची अट आम्ही घालतो.

यातून हिशेबाचा एक गुंता मात्र कायमचा राहतो. आपले वर्ष 31 मार्चला संपते, त्यांचे जुलैच्या मध्याला. शिवाय तिथल्या पावत्यांवर विक्रम संवताची तारीख असते आणि त्यांच्या महिन्यांचे दिवस 29 पासून 32 पर्यंत बदलतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करून इंग्रजी तारीख निघत नाही. प्रत्येक पावती दोन्ही तारखांसह वहीत चढवावी लागते.

जमाखर्च

तारखांबरोबर मूळ रक्कम नेपाळी रुपयांत आणि रूपांतरित रक्कम भारतीय रुपयांत, असे दोन्ही स्तंभ वहीत ठेवावेत. लेखापरीक्षक पहिल्यांदा तेथेच बोट ठेवतो.

कंबरतलाव

पावत्यांचे काम मी करू शकेन. नेपाळी हस्ताक्षर वाचता येते, आणि वडिलांकडे नेपाळी दिनदर्शिका दरवर्षी गावाहून येतेच. फाइल कोठे पाठवू, ते निरोपातून कळवावे.

उजनीकाठ

ताई, आजच निरोप पाठवतो. चैत्रापर्यंतच्या पावत्या स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. वैशाखाच्या अजून दैलेखहून यायच्या आहेत.